थांबत थांबत जाणारी गाडी

किल्लारीला रेल्वे नाही. आगगाडीत बसावयाचे तर किल्लारीकराला एस.टी.ने एक तर औशावरून लातूर गाठावे लागते, नाहीतर उमरग्यावरून सोलापूर. अशा गावी आगगाडीच्या, आणि त्यातही रेंगाळत जाणाऱ्या आगगाडीच्या सुखाविषयी बोलणे थोडे धाडसाचेच आहे. परंतु ज्याच्या दारावरून गाडी जाते त्याला तिचे अप्रूप उरत नाही. ज्याला ती गाठावी लागते तोच तिच्याकडे नीट पाहतो. म्हणून हा विषय येथेच मांडणे मला उचित वाटते.

मला दोन प्रश्नांची उत्तरे द्यावयाची आहेत. संथ गाडी संथ का असते, हा पहिला. तिच्यातून लांबचा प्रवास करण्यात जे सुख वाटते ते नेमके कशाचे, हा दुसरा. पहिला प्रश्न सोडवल्यावाचून दुसरा सुटत नाही. कारण बहुतेकांची समजूत अशी की, हे सुख कमी वेगाचे आहे. माझे म्हणणे असे की, ते थांबण्याचे आहे. या दोहोंत पुष्कळ अंतर आहे, आणि त्या अंतरावर आपल्या लहानसहान गावांचे बरेच काही अवलंबून आहे.

आपल्या भागात संथ गाडी म्हटले की जुन्या माणसांना बार्शी लाइट रेल्वेची आठवण होते. तिची कथा थोडक्यात सांगितली पाहिजे. मुंबईहून पुण्यामार्गे सोलापूर-रायचूरकडे जाणारा मोठा लोहमार्ग एकोणिसाव्या शतकात झाला, परंतु तो बार्शीला बाजूला टाकून गेला. बार्शी ही कापसाची आणि गळिताच्या धान्याची मोठी पेठ. तिला मुख्य मार्गाशी जोडावे या हेतूने एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने अरुंद मार्गाची योजना आखली. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी हा सुमारे एकवीस मैलांचा पहिला टप्पा खुला झाला. कुर्डुवाडी स्थानकाला त्या काळी बार्शी रोड म्हणत. पुढे १९०६ मध्ये ही गाडी पंढरपूरला पोहोचली, १९११ मध्ये लातूरला, आणि १९२७ मध्ये मिरजेला. मिरजेपासून लातूरपर्यंत दोनशे मैलांहून थोडा अधिक असा हा मार्ग होता. तो वारकऱ्यांना विठोबाच्या पायाशी नेई, लातूरचा माल मुंबईच्या वाटेला लावी, आणि इंग्रजी मुलखातून निघून निजामाच्या राज्यात शिरे. १९५४ साली सरकारने तो कंपनीकडून विकत घेतला व तो मध्य रेल्वेचा भाग झाला.

या मार्गाच्या दोन रुळांतील अंतर अवघे अडीच फूट होते. रुळांतील अंतर कमी ठेवले म्हणजे खर्च कसा वाचतो हे समजून घेण्याजोगे आहे. अरुंद मार्गाला अधिक तीव्र वळणे चालतात. त्यामुळे टेकडी फोडण्याऐवजी तिला वळसा घालता येतो आणि ओढ्यावर मोठा पूल बांधण्याऐवजी तो सोईच्या जागी ओलांडता येतो. भराव कमी, खोदाई कमी, जमीनही कमी. कॅलथ्रॉपने आणखी एक हिशेब केला. गाडीच्या प्रत्येक आसावर येणारे वजन सर्वत्र सारखे आणि पाच टनांच्या आत ठेवले, तर हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेता येतो. मोठा भारा एकाच्या डोक्यावर देण्याऐवजी दहा जणांत वाटून द्यावा, तसाच हा प्रकार. या हिशेबामुळे बार्शीची ही छोटी रेल्वे जगभरच्या अभियंत्यांच्या अभ्यासाचा विषय झाली. तेच धोरण ठेवून कॅलथ्रॉपने नंतर इंग्लंडातही एक छोटा लोहमार्ग उभारला. गंमत अशी की, विमानातून सुरक्षित उडी मारता यावी म्हणून हवाई छत्री तयार करण्यामागेही हाच गृहस्थ पुढे लागला होता.

परंतु स्वस्ताईची किंमत वेगात मोजावी लागते. अरुंद पायावर उभी असलेली गाडी जोरात पळाली की डुलते, आणि वळण जितके तीव्र तितका वेग कमी ठेवावा लागतो. त्यात बार्शीकडून लातूरला येताना येडशीच्या बाजूला बालाघाटाचा चढ. इंजिन धापा टाकीत चढू लागले की, माणसे खाली उतरून बरोबरीने चालत आणि पुन्हा डब्यात चढत, असे सांगण्याची रीत पडली. त्यात अतिशयोक्ती असेल. पण अशी अतिशयोक्ती ज्या गाडीच्या वाट्याला येते तिच्यावर लोकांची मायाच असते.

संथपणाचे दुसरे कारण एकेरी मार्ग. मराठवाड्यातील लोहमार्ग दीर्घकाळ एकेरीच राहिले. एकाच रुळावरून दोन्हीकडच्या गाड्या जावयाच्या, तर त्यांची भेट केवळ स्थानकातच होऊ शकते, कारण तेथे बाजूला दुसरा मार्ग असतो. म्हणून एक गाडी आधी येऊन उभी राहते आणि समोरची येईपर्यंत वाट पाहते. यालाच आपण 'क्रॉसिंग पडले' असे म्हणतो. दोन स्थानकांमधील मार्गावर एका वेळी एकच गाडी असावी यासाठी जुन्या काळी मोठी नामी व्यवस्था होती. प्रत्येक स्थानकात एक यंत्र असे व त्यात धातूचे गोळे असत. पुढच्या स्थानकाने संमती दिल्याशिवाय यंत्रातून गोळा निघत नसे, आणि एक गोळा बाहेर असेपर्यंत दुसरा मिळत नसे. तो गोळा पिशवीत घालून ती पिशवी मोठ्या कडीला लावीत, आणि चालत्या गाडीतल्या चालकाच्या हाती देत. गोळा हाती म्हणजे पुढचा मार्ग आपला. आता बहुतेक ठिकाणी ही कामे विजेची उपकरणे करतात. पण तत्त्व तेच राहिले आहे.

वाट पाहण्यातही मानपान असतो. मेल किंवा एक्स्प्रेस येणार असेल तर पॅसेंजर बाजूला होते. म्हणजे उन्हात ताटकळणाऱ्या पॅसेंजरमधील प्रवासी हा आळशी गाडीचा बळी नसतो. दुसऱ्या कोणाच्या घाईची किंमत तो भरीत असतो. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे ती उपयोगी पडणार आहे.

तिसरे कारण सर्वांत साधे, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. संथ गाडी प्रत्येक ठिकाणी थांबते. ढोकी, मुरूड, हरंगुळ ही नावे वेगवान गाडीच्या प्रवाशाला पिवळ्या पाटीवरची अक्षरे म्हणून तरी दिसली तर दिसतात. थांबणाऱ्या गाडीच्या प्रवाशाला तेथे माणसे दिसतात: डोक्यावर गाठोडे घेतलेली आजीबाई, तिला हात देऊन वर घेणारा अनोळखी तरुण, पाटीत पेरू घेऊन धावणारे पोर, आणि कोणाला तरी निरोप द्यावयास आलेले अख्खे घर.

आता दुसरा प्रश्न. या गाडीत सुख कशाचे?

प्रथम डोळ्यांचे. खिडकीतून पाहताना जवळच्या वस्तू वेगाने मागे पळतात, दूरच्या हळू सरकतात, आणि क्षितिजावरचा डोंगर जणू आपल्याबरोबर चालतो. जवळची वस्तू थोड्याशा अंतरातच आपल्या दृष्टीचा मोठा कोन ओलांडते, दूरची वस्तू लहान कोन ओलांडते. त्याचा हा परिणाम. गाडीचा वेग वाढला की जवळचा पट्टा पुसट होऊन जातो आणि दूरचाच देखावा तेवढा उरतो. माणूस, बैल, विहीर, बांध, अंगणातले वाळवण या गोष्टी तर जवळच्या पट्ट्यातच असतात! वेगवान गाडीतून प्रदेश दिसतो. संथ गाडीतून गाव दिसते. तूर फुलली आहे की शेंगेला आली आहे, ज्वारी कापणीला आली की अजून हुरड्यात आहे, हे शेतकऱ्याच्या डोळ्याला दिसावयाचे तर गाडीने ते दिसू दिले पाहिजे.

दुसरे सुख कानांचे. जुन्या रुळांचे तुकडे ठराविक लांबीचे असत. आपल्याकडे मोठ्या मार्गावर ते साधारण तेरा मीटरांचे. दोन तुकड्यांच्या सांध्यावरून चाक गेले की खटका होई. घड्याळ लावून सत्तेचाळीस सेकंदांत किती खटके होतात ते मोजावे. जितके खटके तितके किलोमीटर हा गाडीचा ताशी वेग. हिशेब अगदी सोपा आहे: तेरा मीटर अंतर सत्तेचाळीस सेकंदांत कापणारी वस्तू तासाला जवळजवळ एक किलोमीटर जाते. आता रूळ एकमेकांना जोडून लांबच लांब केले जातात, त्यामुळे तो ठेका बहुतेक ठिकाणी नाहीसा झाला आहे. प्रवास सुखाचा झाला, रुळांची झीज कमी झाली. मुलांचा मात्र एक गणिताचा खेळ गेला.

तिसरे सुख अंतर कळण्याचे. आळंदीहून पंढरपूरला पायी जाणाऱ्या वारकऱ्याला वाटेतले प्रत्येक मुक्कामाचे गाव पाठ असते, कारण त्याने अंतर पायाने मोजलेले असते. संथ गाडी हा त्याच रीतीचा जरा जलद प्रकार आहे. लातूर रोडहून उदगीर, भालकी, बिदर या वाटेने दिवसा हैदराबादकडे जावे. मराठीत सुरू झालेल्या डब्यातील बोलण्यात हळूहळू कानडी मिसळते, मग दखनी, मग तेलुगू. कोठेही एकाएकी भाषा बदलत नाही. भालकीला चढलेली मावशी एकाशी कानडीत भांडते आणि आपल्याला मराठीत पुसते, "कोण्या गावचे हो तुम्ही?" राज्यांच्या सीमा नकाशावर रेघेसारख्या असतात; प्रत्यक्षात त्या पाण्यात विरघळणाऱ्या रंगासारख्या असतात. हे भूगोलाच्या पुस्तकाने कितीही सांगितले तरी थांबणाऱ्या गाडीइतके पटत नाही. याच देशात दिब्रुगडहून कन्याकुमारीला जाणारी विवेक एक्स्प्रेस २०११ पासून धावते. सुमारे ४,२०० किलोमीटरांच्या त्या वाटेला तीन दिवसांहून अधिक लागतात. आसामातून निघालेला माणूस तीन सूर्योदय पाहून देशाच्या दक्षिण टोकाला उतरतो. आपला देश केवढा आहे याचा अंदाज त्याच्या अंगात मुरलेला असतो.

चौथे सुख माणसांचे. लांबचा प्रवास आणि मोकळा वेळ एकत्र आले की शिदोरी सुटते. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, कांदा. "घ्या की दादा, घरचं आहे" असे म्हटले की परका माणूस परका राहत नाही. या सुखाचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच नांदेडहून सुटते. गुरू गोविंदसिंग यांनी १७०८ साली नांदेडला देह ठेवला. तेथील सचखंड गुरुद्वारा आणि अमृतसर यांना जोडणारी सचखंड एक्स्प्रेस परभणी, जालना, मनमाड, भोपाळ, दिल्ली अशी दोन हजारांवर किलोमीटर जाते, आणि तिला तीस तासांहून अधिक लागतात. वाटेतल्या काही स्थानकांवर सेवाभावी मंडळी गाडीची वाट पाहत उभी असतात आणि प्रवाशांना विनामूल्य लंगर वाढतात. जाणते प्रवासी ताटवाट्या घरूनच आणतात. जात, धर्म, तिकिटाचा वर्ग कोणी विचारत नाही. ही गाडी काही पॅसेंजर नव्हे; पण लक्षात घ्या, धावत्या गाडीत लंगर वाढता येत नाही. ते अन्न प्रवाशाच्या हाती पडते ते गाडी थांबते म्हणून.

येथे कोणी म्हणेल, हे सारे सुखवस्तू माणसाचे कौतुक आहे. ज्याला रोज हाल सोसावे लागतात त्याला विचारा. हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. १९१७ साली गांधीजींनी तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावर लिहिले, तेव्हा त्यांना त्यात काव्य दिसले नाही; गर्दी, घाण आणि प्रवाशांची अवहेलना दिसली. लातूरला शिकायला येणारा विद्यार्थी, पुण्या-मुंबईच्या रुग्णालयात निघालेला रोगी, कामावर वेळेत पोहोचू पाहणारा मजूर यांना सांगून पाहा की, संथपणात सुख असते! ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ज्या गावावर भूकंपाचा घाला पडला, त्या गावाला तर वेगाची थोरवी कोणी शिकवावयास नको. ढिगाऱ्याखाली माणूस असताना एकेक घटका म्हणजे जीव असतो.

अरुंद मार्गाचा मोठा मार्ग झाला तो याच गरजेने. कुर्डुवाडीला माल एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावा लागे. त्यात वेळ, पैसा आणि हमालांचे कष्ट जात. २००० नंतरच्या दशकात हा मार्ग टप्प्याटप्प्याने रुंद झाला, त्याची वाट थोडी वळवून उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, शहरही जोडले गेले, आणि लातूरहून थेट मुंबईला गाडी सुटू लागली. हे चांगलेच झाले. २०१६ च्या दुष्काळात लातूरचे नळ कोरडे पडले तेव्हा एप्रिल महिन्यात मिरजेहून पाण्याने भरलेली आगगाडी याच वाटेने लातूरला आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी, सुमारे ३४० किलोमीटर अंतर आणि सुमारे अठरा तास. वारकऱ्यांसाठी व कापसासाठी आखलेल्या वाटेने शहराची तहान भागवली. जुनी अरुंद गाडी तशीच राहिली असती तर मोठ्या मार्गाच्या त्या वाघिणी लातूरपर्यंत आल्या नसत्या.

तेव्हा मी वेगाविरुद्ध बोलत नाही. लादलेला संथपणा हा जाच आहे. निवडलेला संथपणा हे सुख आहे. स्वित्झर्लंडमध्ये झेरमाटहून सेंट मॉरिट्झला जाणारी एक गाडी 'जगातील सर्वांत संथ एक्स्प्रेस' म्हणून मिरवते. २९१ पूल आणि ९१ बोगदे ओलांडीत ती सुमारे आठ तास जाते, आणि जगभरचे लोक तिच्यासाठी भरपूर पैसे मोजतात. त्या देशात जलद गाड्या नाहीत असे थोडेच आहे? जलद गाडी उपलब्ध आहे म्हणूनच संथ गाडीत बसण्याला निवडीचा मान आहे.

परंतु स्वित्झर्लंडची ती गाडी आणि आपली पॅसेंजर यांत एक मूलभूत फरक आहे. ती प्रवाशांना देखावा दाखवण्यासाठी संथ आहे. आपली पॅसेंजर लहान गावाला चढता-उतरता यावे म्हणून संथ आहे. २०२० साली साथीमुळे प्रवासी गाड्या बंद पडल्या. त्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा देशभर कित्येक पॅसेंजर गाड्यांना एक्स्प्रेसचे नाव आणि एक्स्प्रेसचे भाडे लागले, आणि पुष्कळ लहान स्थानकांचे थांबे गेले. पुढे २०२४ मध्ये अशा गाड्यांचे साधे भाडे पुष्कळ ठिकाणी परत आले. परंतु भाडे परत येणे निराळे आणि थांबा परत येणे निराळे. दहा मिनिटे वाचली असे वेळापत्रक सांगते. ती कोणाची वाचली आणि कोणाचा अर्धा दिवस गेला, हे वेळापत्रकात लिहिलेले नसते. बाजारला भाजी नेणारी बाई, तालुक्याला शिकणारी मुलगी, कमी पैशात दवाखाना गाठणारा म्हातारा यांच्यासाठी थांबा गेला म्हणजे रूळ अंगणातून गेले आणि रेल्वे मात्र गेली.

मुंबई ते जालना वंदे भारत २०२३ च्या अखेरीस सुरू झाली. लातूरजवळ हरंगुळ येथे रेल्वे डब्यांच्या कारखान्याची पायाभरणी २०१८ मध्ये झाली. अरुंद गाडीचे मुलूख म्हणून ज्याची थट्टा होई तो भाग आता नव्या गाड्यांशी आपले नाव जोडीत आहे, याचा आनंदच मानावा. मात्र नवी गाडी मागताना जुन्या गाडीचा थांबाही मागावा. आपल्या घाईची किंमत बाजूच्या मार्गावर उभी असलेली गाडी भरते, हे मघाशी पाहिलेच आहे; ती किंमत किती भरावयाला लावावी याला मर्यादा असली पाहिजे.

ज्यांना हे सुख एकदा अनुभवून पाहावयाचे आहे त्यांना दोन-चार व्यावहारिक सूचना करून हा विषय आटोपता घेतो. प्रवास दिवसाचा निवडावा. रात्री सर्व गाड्या सारख्याच. वातानुकूलित डब्यात काच उघडत नाही, म्हणून साध्या डब्यात खिडकीशी बसावे. सुगीच्या आधी, पौष-माघात निघावे; ऊन सोसवते आणि रान भरलेले असते. बरोबर दोघांना पुरेल इतकी शिदोरी घ्यावी, कारण जेवणारा तिसरा कोणीतरी भेटतोच. जेथे पोहोचावयाचे तेथे त्या दिवशी कोणतेही काम ठेवू नये. आणि गाडी एखाद्या नाव न ऐकलेल्या स्थानकावर थांबली की घड्याळाकडे न पाहता पाटीवरचे नाव वाचावे, कोण चढले आणि कोण उतरले ते पाहावे. ते स्थानक कोणाचे तरी किल्लारी आहे.